वीतभर माती

आपण दिवसेंदिवस आखूड होत चाललोय, असं सुमनबाई कांबळेचं ठाम मत झालं होतं. वय अवघं अडतीस. पाठीला बाक नाही, गुडघ्यात कळ नाही. तरी बाई आखूड होत होती आणि तिच्याकडे त्याचा पुरावा होता. पुरावा म्हणजे तिचा वेळू.

लातूरच्या मुलींच्या कॉलेजात बास्केटबॉलचं मैदान झालं ते त्र्याऐंशी साली. त्याच वर्षी सुमनबाई तिथं मैदानाची शिपाई म्हणून लागली आणि मुरुडच्या बाजारातून एक सरळसोट वेळू घेऊन आली. त्याच्या टोकाला तिनं लोखंडी आकडा बसवून घेतला. सकाळी त्या आकड्यानं रिंगेला जाळी अडकवायची, संध्याकाळी काढून कोठीत ठेवायची. कारण रात्री बाहेर राहिलेली जाळी सकाळी कुणाच्या तरी बैलाचं मुसकं झालेली असायची. पहिल्या वर्षी जमिनीवर सपाट उभं राहून हात ताणला, की आकडा बरोबर रिंगेला लागायचा. दुसऱ्या वर्षी टाचा उचलाव्या लागल्या. आता शहाऐंशी साल उजाडलं होतं आणि टाचा उचलूनही भागेना, पायाखाली वीट घ्यावी लागत होती.

तिनं हे नवऱ्याला सांगितलं. लिंबाजी मुरुडकडच्या पाझर तलावाच्या कामावर दिवसभर माती उपसून आलेला. तो भाकरीचा तुकडा मोडत म्हणाला, "दुष्काळ हाय. हिरी आटल्या, तळं आटलं. माणूसबी आटणारच की."

सुमनबाई हसली, पण मनातून चरकली. तिची नोकरी हंगामी होती. दर जूनला प्राचार्यांनी सही केली तर पुढचं वर्ष, नाही तर जय भीम करून घरी. हात न पुरणाऱ्या बाईला कोण ठेवील? मैदान सुटलं की वाट एकच होती, लिंबाजीच्या शेजारी खडी फोडायला बसायची. बहात्तरच्या दुष्काळात तिनं खडी फोडली होती. डाव्या हाताच्या करंगळीचं नख तेव्हा गेलं ते पुन्हा नीट आलंच नाही. खडी म्हटलं की आजही ती करंगळी मुठीत घ्यायची.

खरं तर कॉलेजचा बास्केटबॉल संघ जन्मला तोच तोऱ्यात. ब्याऐंशीच्या पंधरा ऑगस्टला लातूरचा वेगळा जिल्हा झाला. गावात कचेऱ्या आल्या, साहेब आले, पाट्या बदलल्या. प्राचार्य अण्णाराव तेव्हा भाषणात म्हणाले होते, "आता आपण जिल्ह्याचं गाव आहोत. आपल्या मुलींनी लंगडी किती दिवस खेळायची?" टाळ्या पडल्या. मैदान आखलं गेलं, खांब उभे राहिले. शिकवायला होते क्रीडाशिक्षक व्यंकटराव सर, हाडाचे कबड्डीवाले. बास्केटबॉल ते पुस्तक बघून शिकवायचे आणि पान उलटायचं राहिलं की पोरींना पळायला लावायचे.

पहिलं वर्ष बरं गेलं. सुमनबाई रोज दोन टिपाडं पाणी मैदानावर शिंपडायची, रूळ फिरवायची, फक्कीनं पांढऱ्या रेषा ओढायची. जमीन घट्ट, चेंडूचा टप्पा कसा खणखणीत उठायचा. मग पावसानं तोंड फिरवलं. चौऱ्याऐंशीत थोडं, पंच्याऐंशीत फार. गावाला पाणी आठवड्यातून एकदा, तेही टँकरचं. तिथं खेळायच्या मातीवर सडा कोण घालणार? सुमनबाईला कुणी नको म्हणायच्या आधी तिनंच टिपाडं पालथी घातली. पिण्याचं पाणी जमिनीवर ओतायला तिचा हात धजलाच नसता.

पण पाण्यावाचून मैदान भेगा पडून उलू लागलं, वर बोटभर धुरळा साचू लागला. चेंडू आपटला की मातीतच बसायचा, उठायचं नावच घ्यायचा नाही. मग सुमनबाईनं खराटा घेतला. रोज पहाटे धुरळा झाडायचा, टोपलीत भरायचा आणि कुंपणाकडच्या लिंबाखाली नेऊन टाकायचा. दोन टोपल्या रोज, कधी तीन. लिंबाखाली चांगला ढीग झाला. पोरी त्याच्यावर बसून डबा खायच्या. मैदान मात्र कसं चाटून-पुसून लख्ख. प्राचार्य येता-जाता म्हणायचे, "सुमनबाई, मैदान असं ठेवावं." बाईच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

टप्पा उठत नाही म्हणताना पळत चेंडू न्यायचा खेळ बंदच झाला. राहिलं काय, तर हातातून हातात देणं आणि रिंगेत टाकणं. मग पोरी टाकायलाच लागल्या. सुमनबाईनं नेम धरला, प्रत्येकीनं रोज शंभर चेंडू टाकायचे. किती पडले ते ती कोळशानं कोठीच्या भिंतीवर रेघा मारून ठेवायची. ती स्वतः चौथी शिकलेली, आणि चेंडू तिनं उचलून देण्यापुरताच हातात धरलेला. पण हात कुठं चुकतो ते तिला दिसायचं. "कोपर आत घे ग. पाखरू उडवल्यावानी सोड, धोंडा फेकल्यावानी न्हाई." पहिल्या वर्षी शंभरात बावीस पडायचे. पुढच्या वर्षी पस्तीस. यंदा एकावन्न. व्यंकटराव सर भिंत बघून मिशीत हसायचे.

दुखणं होतं ते वेगळंच. संघ टिकत नव्हता. आज हात बसलेली पोर उद्या असेलच याचा भरवसा नव्हता. वैशाख आला की चार-पाच जणींची लग्नं. दोघी नापास होऊन घरी. त्यातून नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्या. बदलीवर आलेल्या कारकुनांच्या पोरी यायच्या, जरा कुठं रुळल्या की बापाच्या बदलीचा कागद यायचा. पार्वती नावाची अशीच एक गुणी पोर होती. तहसिलातल्या अव्वल कारकुनाची. सुमनबाई तिला पारू म्हणायची. तिचा हात असा बसला होता की डोळे झाकून टाकावा. पंच्याऐंशीच्या ऐन दिवाळीत तिच्या बापाची हदगावला बदली झाली आणि पोर नांदेडच्या कॉलेजात गेली. त्या दिवशी सुमनबाईला भाकर गोड लागली नाही.

तेव्हापासून तिनं रीत घातली. जाणारीनं अंगावरचा नंबराचा सदरा नुसता परत करायचा नाही. आधी एका नवीला आपला हात द्यायचा. नवीनं शंभरात पंचवीस टाकले, की जुनीनं आपल्या हातानं सदरा तिला द्यायचा आणि मग खुशाल बोहल्यावर चढायचं. सर म्हणाले, "सुमनबाई, हे कुठल्या नियमात बसतं?" ती म्हणाली, "सर, सासरी जाताना पोरगी घरच्या धाकटीला चूल दावून जातीच की." या रितीनंच हात टिकला, वाढला. तीन वर्षांत पोरी पंचवीस आल्या-गेल्या. पहिल्या संघातली राहिली एकटी शिवम्मा.

शिवम्मा निलंग्याकडची, बोलण्यात अर्धं कानडी. धिप्पाड, हसरी, संघाची कॅप्टन. यंदा तिचंही बिदरकडं लग्न ठरलं होतं.

आणि एक गोष्ट कुणालाच उलगडत नव्हती. भिंतीवरच्या रेघा वर्षागणिक वाढत होत्या आणि स्पर्धेत संघ वर्षागणिक जास्तच वाईट हरत होता. बाहेर गेलं की चेंडू रिंगेच्या वरून जायचा, फळीवर आपटून परत यायचा. सर चिडायचे, "घरी वाघ, बाहेर शेळी! परकं मैदान दिसलं की बुजता." पोरी मान खाली घालायच्या. आपण बुजतो हे त्यांनाही पटलं होतं.

शहाऐंशीच्या दिवाळीनंतर प्राचार्यांनी सरांना आणि सुमनबाईला बोलावून घेतलं. आवाज मऊ होता, पण गोष्ट कडक होती. टँकर उभे करायला जिल्हा कचेरीनं मैदानाची जागा मागितली होती. "दुष्काळ आहे, नाही कसं म्हणू? संघानं एक सामना जिंकला असता तर काही बोलायला तोंड असतं. नांदेडच्या स्पर्धेत एक तरी जिंकून या. नाही तर खांब काढावे लागतील."

खांब काढले की मैदान नाही, आणि मैदान नाही तर मैदानाची शिपाई कशाला? हे प्राचार्य बोलले नाहीत. सुमनबाईला ते सांगायची गरजही नव्हती. बाहेर आल्यावर तिनं करंगळी मुठीत धरली.

नांदेडला जायच्या दिवशी ती आपला वेळू घेऊन यष्टीत चढू लागली. कंडक्टर म्हणाला, "बाई, हे काय मांडव घालायला निघालात का?" ती म्हणाली, "परक्या गावात रिंगेत चेंडू अडकला तर कोण काढणार? तुमी?" शेवटी वेळू टपावर बांधला गेला. अहमदपूर ओलांडलं, आणि लोह्याच्या अलीकडं गाडीचं चाक बसलं. दीड तास सगळे बाभळीच्या विरळ सावलीत उभे. शिवम्मा पोरींना हसवत होती, सर घड्याळ बघत होते आणि सुमनबाई मनातल्या मनात रेघा मोजत होती. नांदेडच्या मैदानावर पोचले तेव्हा पंच शिट्टी हातात घेऊन उभे. हात मोकळे करायलाही वेळ मिळाला नाही.

मैदान सिमेंटचं होतं. समोरच्या संघात सहा नंबरचा सदरा घालून पारू उभी होती. सुमनबाईला बघून तिनं हात हलवला, आणि पहिल्याच मिनिटाला बास्केट केली. तोच हात. कोपर आत, पाखरू उडवल्यासारखा. सुमनबाईला हसावं की रडावं कळेना.

लातूरच्या पोरींचा पहिला चेंडू वरून गेला. दुसरा वरून गेला. शिवम्माचा फळीवर आपटून थेट मैदानाच्या मध्यात आला. पहिला डाव संपला तेव्हा फलक होता चार विरुद्ध एकोणीस. सर पुस्तक काढून पानं उलटू लागले. पोरी पाणी प्यायला माठाकडं गेल्या, संघातली सगळ्यात नवी पोर मात्र सदऱ्याचं टोक पिळत बाकावरच बसून राहिली.

पारू धावत आली आणि सुमनबाईच्या गळ्यात पडली. "मावशी, पोरींना सांगा घाबरू नका म्हणून. मी इथं आले ना, तेव्हा माझाबी चेंडू महिनाभर असाच वरून जायचा. इथले सर म्हणायचे, लातूरच्या पोरींना ताकद लई अन् अंदाज कमी." एवढं बोलून ती आपल्या संघाकडं पळाली.

सुमनबाई तिथंच थांबली. पारू तर बुजणारी नव्हती. मग तिचाही चेंडू वरून का जात होता?

तेवढ्यात हात मोकळा करणाऱ्या एका पोरीचा चेंडू रिंग आणि फळीच्या बेचक्यात अडकून बसला. सुमनबाईनं वेळू घेतला, रिंगेखाली गेली, सवयीनं टाचा उचलल्या, हात ताणला. आकडा रिंगेच्या पार वर गेला आणि फळीवर खट्कन आपटला. तिनं चेंडू पाडला. मग टाचा टेकल्या. पाय सपाट. पुन्हा हात ताणला. आकडा बरोबर रिंगेला लागला, त्र्याऐंशी साली लागायचा तसा.

ती आखूड झाली नव्हती.

मग काय झालं होतं ते तिला एकदम दिसलं. लिंबाखालचा ढीग दिसला. खांबाच्या बुडाचं काँक्रीट, जे पहिल्या वर्षी जमिनीत गाडलेलं होतं आणि आता वीतभर उघडं पडलं होतं, ते दिसलं. रिंग जागच्या जागी होती. मैदान खाली गेलं होतं. तिनं झाडून नेलं होतं, रोज दोन टोपल्या, तीन वर्षं. पोरी दर वर्षी जास्त उंच रिंगेवर हात बसवत होत्या आणि बाहेर येऊन आपल्यालाच दोष देत होत्या. कुठलीच पोर इतके दिवस टिकली नाही की तिला फरक कळावा. शिवम्मा टिकली, तर तिचा हात मैदानाबरोबरच हळूहळू वर गेला. कळायला हवं होतं ते सुमनबाईला, आणि तिनं सगळं आपल्या वयावर ढकललं.

आता हे सांगायचं म्हणजे सरांसमोर कबूल करायचं, की मैदान मी खाल्लं. गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? पोरी हरल्या, बुजल्या, संपलं. जूनमध्ये कदाचित वर्गखोल्या झाडायचं काम तरी मिळालं असतं. कबूल केल्यावर तेही नाही. ती वेळू धरून उभी राहिली, आणि तिला ती बाकावरची नवी पोर दिसली. पंधरा दिवसांपूर्वी तिनं कसेबसे पंचवीस टाकून सदरा मिळवला होता. आता तो सदरा ती डोळ्यांना लावत होती.

"पोरींनो," सुमनबाई म्हणाली, "तुमी बुजत न्हाईत. चूक माझी हाय."

तिनं सगळं सांगितलं. व्यंकटराव सर ऐकत होते, आणि त्यांचा चेहरा लाल होत गेला. "काय सांगताय काय, सुमनबाई! तीन वर्षं?"

"हाव सर. वीतभर माती गेली."

शिवम्मानं कपाळावर हात मारला. "अय्यो मावशी! मग आता काय करायचं? हात एका घडीत कसा बदलणार?"

ते सुमनबाईलाही माहीत होतं. हात बसायला महिने लागतात, तिच्याइतकं ते कुणाला माहीत? पण रोज रिंगेखाली उभं राहून चेंडू उचलणाऱ्या बाईला चेंडू कुठं पडतो तेही माहीत होतं. रिंग खाली आली म्हणजे चेंडू तिच्या पलीकडं पडणार. फार नाही, पाऊलभर.

"हाताला हात लावू नका," ती म्हणाली. "पाय बदला. रोज जिथनं टाकता, त्याच्या एक पाऊल मागं व्हा. फ्री थ्रोलाबी रेषेच्या पाऊलभर मागं. बाकी सगळं घरच्यावानीच."

शिट्टी झाली.

दुसऱ्या डावातला पहिला चेंडू शिवम्माकडं आला. ती टाकायला उभी राहिली, थबकली, एक पाऊल मागं सरली आणि टाकला. जाळी नुसती हलली. दुसरा पडला. तिसरा रिंगेवर नाचून पडला. नांदेडच्या पोरी एकमेकींकडं बघू लागल्या. ह्या मागं सरकून का टाकतात? दर चेंडूला सुमनबाई बाहेर उभ्या उभ्या स्वतःच एक पाऊल मागं जात होती. जाता जाता तिचा पाय एका शिक्षकांच्या पायावर पडला आणि माफी मागायचंही तिला भान नव्हतं. एकोणीसला चौदा. तेवीसला वीस. सर लहान पोरासारखे ओरडत होते.

शेवटच्या मिनिटाला सव्वीस-सत्तावीस झालं. चेंडू शिवम्माकडं होता, पण तिला दोघींनी घेरलं होतं. तिनं तो त्या सगळ्यात नव्या पोरीला दिला. पोर एक पाऊल मागं गेली. कोपर आत. चेंडू निघाला, रिंगेवर पडला, एक फेरी फिरला, दुसरी फिरला आणि बाहेर आला.

शिट्टी झाली. एका गुणानं हरले.

परतीच्या गाडीच्या टपावर वेळू पुन्हा बांधला गेला. लोह्याच्या पुढं व्यंकटराव सर सुमनबाईच्या शेजारच्या बाकावर येऊन बसले. "मी तीन वर्षं पोरींना बोललो," ते म्हणाले. "एकदा टेप घेऊन रिंग मोजली नाही." सुमनबाईला रडू आलं. ते तिनं पदरानं पुसलं आणि खिडकीबाहेर बघत राहिली. खडीच्या कामावर छत्री नेऊ देतात का, याचा ती विचार करत होती.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी दोघांना बोलावलं. सुमनबाईनं कोठीच्या किल्ल्या आधीच रुमालात बांधून आणल्या होत्या. सरांनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. प्राचार्य खिडकीतून लिंबाखालच्या ढिगाकडं बघू लागले. या ढिगावर बसून पोरी डबा खातात ते त्यांनी रोज बघितलं होतं.

"आणि मी म्हणत होतो, मैदान असं ठेवावं," ते म्हणाले. मग सरांना विचारलं, "दुसरा डाव किती झाला?"

"बावीस-आठ. आपण."

"चूक कुणाची होती?"

"माझी, साहेब," सुमनबाई म्हणाली आणि रुमाल टेबलावर ठेवला.

"आणि कळली कुणाला?"

सर म्हणाले, "यांनाच."

प्राचार्यांनी रुमाल तिच्याकडं परत सरकवला. "पोरी दर वर्षी जाणार. लग्नं होतील, बदल्या होतील, ते आपल्या हातात नाही. मैदान किती खचलं हे माहीत असलेलं एक तरी माणूस इथं राहू द्या. टँकरला मी मागचं आवार देतो. पण एकच वर्ष, सुमनबाई. पुढच्या वर्षी जिंकलं पाहिजे."

एक वर्ष म्हणजे पुन्हा तीच धाकधूक, हे तिला दारातून बाहेर पडायच्या आधीच कळलं. वैशाखात सहा जणी जाणार होत्या. बाहेर शिवम्मा उभी होती, त्या शेवटचा चेंडू चुकलेल्या पोरीला घेऊन. "मावशी, ही म्हणते मी सोडते. मी सांगितलं, माझा चार नंबर तुलाच देणार. तू शंभरात चाळीस पाडल्याशिवाय मी बिदरला जायची नाही."

"तुझा नवरा थांबल का तवर?"

"थांबल की! नाही थांबला तर त्यालाबी टाकायला लावू शंभर."

दुसऱ्या दिवशी पहाटे सुमनबाईनं मैदान झाडलं. पाणी नव्हतंच, म्हणून माती घट्ट बसून जमीन पूर्वीसारखी भरून यायला पाऊसच लागणार होता. तोवर तिनं फक्की घेतली आणि फ्री थ्रोची रेषा एक पाऊल पुढं ओढली, म्हणजे पोरींचा हात बाहेरच्या रिंगेला बसावा. मग धुरळ्यानं भरलेली टोपली कमरेवर घेतली. पाय सवयीनं लिंबाकडं वळले. चार पावलं गेल्यावर ती थांबली, मागं फिरली, आणि टोपली रिंगेखाली आणून पालथी केली.